बेघर माणसांसोबत उद्योग उभा करताना: कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

बेघर माणसांना हाताशी धरून छोटा उद्योग चालवतो म्हटलं की लोक फोनवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्याही प्रश्न विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. काहींना चार ओळी पुरतात, काहींना पान लागतं.

कोकणात बेघर आहेत तरी कुठे? हे मुंबईचं दुखणं ना?

पहाटेच्या पहिल्या एसटीला जा. स्टँडवर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी अंग मुडपून झोपलेलं कोणीतरी दिसेल. कोकण रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांवर, मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरात जाळ्यांच्या ढिगाआड, देवळाच्या पडवीत अशी माणसं असतात. मुंबईसारखी त्यांची सलग वस्ती नसते, म्हणून ती नजरेत भरत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, त्यातले २ लाखांवर महाराष्ट्रातले. रस्त्याकडेला, फलाटावर, पाइपात, जिन्याखाली, देवळात किंवा मंडपात राहणाऱ्यांना जनगणना बेघर धरते. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली गेली. त्या रात्री जो खलाशी होडीवर होता किंवा जो राखणदार आंब्याच्या बागेत होता, तो या आकड्यात आला असेलच असं नाही.

आमच्यापर्यंत येणाऱ्यांत खलाशी बरेच. कोणी नेपाळचा, कोणी कर्नाटकातला. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढल्या जातात, आणि मालकाशी हिशेब फिसकटलेला माणूस बंदरातच राहून जातो. काहींचं मन बिघडलेलं असतं. कुठल्यातरी गाडीत बसले आणि तिकीट तपासनिसाने जिथे उतरवलं तिथलेच झाले. काही म्हाताऱ्या बायका असतात, ज्यांच्याबद्दल घरचे 'बहिणीकडे गेली आहे' असं सांगतात.

आणि चाकरमानी. मुंबईतली खोली गेली, नोकरी गेली, बायकामुलं दुरावली, म्हणून गावी आला. गावात घर आहे. पण घरपट्टीच्या उताऱ्यावर वीस जणांची नावं आणि चावी चुलत्याच्या मुलाकडे. वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्यात उघडणाऱ्या बंद घरांच्या या मुलखात माणसं स्टँडवर झोपतात. याचा राग यायला हवा, आम्हाला येतो.

मग त्यांना घर द्या. उद्योगाचा खटाटोप कशाला?

घर द्यावंच. आधी छप्पर, मग बाकीचं, या विचाराला जगात भक्कम आधार आहे. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये या पद्धतीने काम सुरू केलं. आधी दारू सोड, आधी औषधं घे, अशी कुठलीही अट न घालता थेट राहायला जागा. फिनलंडने २००८ पासून देशाचं धोरणच तसं केलं.

आपल्याकडे शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांचा दंडक ठरला तो दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असा. हे गणित महानगरांचं आहे. २०११ मध्ये खुद्द रत्नागिरी शहरही लाखाच्या आत होतं, मग गुहागर-वेंगुर्ल्याचं नाव कोण घेणार? तेव्हा इथे छपराची सोय बहुतेकदा आपल्यालाच करावी लागते. भाड्याची खोली, एखाद्याचा रिकामा गोठा दुरुस्त करून, नाहीतर मठाची ओवरी. उद्योग ही त्यापुढची पायरी. छपराऐवजी काम दिलं तर दिवसभर राबून तो माणूस रात्री पुन्हा फलाटावरच जाणार.

सामाजिक उद्योग म्हणजे संस्था की धंदा?

धंदा. माल विकला जातो, गिऱ्हाईक किंमत मोजतं, हिशेब लिहिला जातो. फरक एवढाच की धंदा कोणासाठी चालवायचा हे आधी ठरलेलं असतं आणि नफा मालकाच्या खिशात न जाता कामातच परत येतो.

सगळ्यांत माहितीतलं उदाहरण लंडनचं. जॉन बर्ड आणि गॉर्डन रॉडिक यांनी १९९१ मध्ये 'द बिग इश्यू' हे मासिक काढलं. बेघर माणूस ते छापील किमतीच्या साधारण निम्म्यात विकत घेतो आणि रस्त्यावर उभा राहून पुऱ्या किमतीला विकतो. अंक उरले तर तोटा त्याचा. ऐकायला हे कठोर वाटतं, पण त्यामुळेच तो विक्रेता ठरतो. फुकट दिलेले अंक हातात घेऊन उभा राहिला असता तर लोकांनी नाणं टाकून अंक तसाच ठेवला असता.

पण दानधर्म वाईट आहे का? आम्ही दरवर्षी ब्लँकेटं वाटतो.

वाटा. थंडीत कुडकुडणाऱ्याला आधी पांघरूण लागतं. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत उघड्यानागड्यांना वस्त्र आहे, बेघरांना आसरा आहे, बेकारांना रोजगार आहे आणि दुःखी-निराशांना हिंमतही आहे. आपण पहिल्या दोन-तीन गोष्टींवर थांबतो, कारण त्यांचे फोटो चांगले येतात.

'गूंज' ही संस्था १९९९ पासून जुने कपडे गोळा करते, पण वाटताना एक गोष्ट पाळते. गावाने आपल्या गरजेचं काम स्वतः ठरवायचं, विहीर उपसायची की रस्ता बांधायचा, ते श्रमाने करायचं आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घ्यायचे. कपडा तोच असतो. घेणाऱ्याची मान मात्र खाली जात नाही.

स्वाभिमान परत येतो म्हणजे नेमकं काय होतं? तो दिसतो कसा?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्याचं उत्तर भाषणात देता येत नाही.

कोकणात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न विचारतात, "खंयचो तू? कोणाचो?" गाव, वाडी, बापाचं नाव, मग मामाचं गाव. इतकं कळलं की माणूस जागेवर बसतो, त्याला चहा मिळतो. बेघर माणसाकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं, किंवा असलं तरी ते द्यायची त्याला लाज वाटते. पुढे पुढे तो प्रश्न येऊच नये अशा बेताने वागायला लागतो. नजर चुकवतो, कडेने चालतो, कोणी काही म्हटलं की 'हो हो' करतो. त्याला कामावर घ्या, तो कशालाच नाही म्हणणार नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्यांना हा गुण वाटतो. प्रत्यक्षात तो धोक्याचा कंदील असतो.

एका गृहस्थांनी हजेरीपटावर नाव घालताना "बाबू लिवा" एवढंच सांगितलं होतं. स्टँडवर सगळे तेच म्हणत. बरेच आठवडे पगार त्याच नावाने गेला. मग एका शनिवारी सही करताना थांबले आणि म्हणाले, "पुरा नाव लिवा. बापाशीचा पण घाला." आम्ही खाडाखोड न करता पुढच्या ओळीत पूर्ण नाव घेतलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

दुसरी गोष्ट आमसुलांची. कोकमाची सालं काढून, त्याच्याच रसात मीठ घालून भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी बरीच पुटं झाली की सोल काळंभोर होतं आणि टिकतं. घाईत एखादं पूट गाळलं तर पिशवीत बुरशी धरते. ऑर्डर निघायची होती, गाडी दारात उभी होती. आयुष्यभर कोणापुढे मान वर न केलेली एक बाई सालं बोटांत दाबून म्हणाली, "ही सोला अजून ओली आसत. पिशयेत भरूक देवचंय नाय." गाडी रिकामी गेली, गिऱ्हाईक चिडलं. पण त्या दिवसापासून माल पास करायचं काम तिच्याकडे गेलं.

आम्ही स्वाभिमान पाहतो तो असा. माणूस नाही म्हणतो का? पगारात कपात झाली तर भांडतो का? रजा हक्काने मागतो का, की न सांगता गायब होतो? दुसऱ्याच्या कामात खोट काढतो का? रुसतो का? रुसायला आपली कोणाला तरी किंमत आहे असं वाटावं लागतं.

मोजमापाची शास्त्रीय साधनंही आहेत. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. देणगीदार अनेकदा तीच भरून मागतात. भरून द्यावी. पण समोर वही-पेन घेऊन बसलेल्या माणसाला खूश करण्याची सवय लागलेला माणूस सगळ्या विधानांना 'बरोबर' म्हणतो, हे लक्षात ठेवून तिच्याकडे बघावं.

कौतुक, समुपदेशन, प्रेरणादायी व्याख्यानं यांनी काही होत नाही का?

समुपदेशन लागतं, आणि ते शिकलेल्या माणसाने करावं. व्याख्यानांबद्दल आमचं मत फारसं बरं नाही.

आबे पिएर या फ्रेंच धर्मगुरूंनी १९४९ मध्ये पॅरिसजवळ 'एमाऊस' हा समुदाय सुरू केला. त्यांच्याकडे आलेला पहिला माणूस जॉर्ज तुरुंगातून सुटलेला होता आणि त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. आबे पिएर यांनी त्याला धीर दिला नाही. माझ्याकडे तुला द्यायला काही नाही, पण बेघरांसाठी घरं बांधतोय, तुझी मदत हवी आहे, असं सांगितलं. तो राहिला. पुढे या समुदायाने लोकांच्या जुन्या वस्तू, भंगार गोळा करून, दुरुस्त करून विकण्यावर आपला उदरनिर्वाह चालवला आणि आज तो बऱ्याच देशांत पसरला आहे. आपल्याकडे आनंदवनात बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांच्या हाती कुदळ दिली तीही १९४९ च्याच सुमारास. दोन टोकांची ही दोन माणसं एकाच वेळी एकाच जागी पोचली: ज्याला सगळे मदत करतात त्याला, तुझी मदत हवी आहे, असं कोणीतरी म्हणावं लागतं. आणि ते खरं असावं लागतं. उगाच गुंतवायला दिलेलं काम माणूस पहिल्या तासात ओळखतो.

कोकणात कोणती कामं जमतात?

जे गावात आधीच विकलं जातं ते. मेणबत्त्या आणि कागदी पिशव्यांचे वर्ग घ्यायला येणाऱ्यांना नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

आमसूल, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी हे मार्च ते मेमधलं काम. यात कौशल्याच्या पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी फळं धुता येतात, महिनाभराने मिठाचा अंदाज येतो. काजू फोडायचं काम वर्षभर मिळतं, पण कच्च्या बीच्या टरफलातला चीक कातडी भाजतो. हातमोजे, तेल किंवा राख, आणि बसायला नीट जागा नसेल तर ते देऊ नये. आधीच पायाला जखमा असलेल्या माणसाला तर नाहीच. जाळी दुरुस्त करणं खलाशांना येतंच. बंदीच्या काळात मालक लोक त्यासाठी माणूस शोधत असतात. काथ्याच्या दोऱ्या आणि पायपुसणी सिंधुदुर्गात चालतात. कलमांची रोपवाटिकाही चांगली, कारण कलम जगलं की नाही हे रोज दिसतं.

आमचं आवडतं काम मात्र बंद घरांची देखभाल. मुंबई-पुण्यातल्या मालकांना पावसाआधी कौलं परतून हवी असतात, गडगा (दगडी कुंपण) ढासळला तर सांगणारं कोणी हवं असतं, विहिरीचा पंप चालू आहे का, वाळवी लागली का, आवारातलं गवत काढलं का, हे हवं असतं. गणपतीच्या आधी घर उघडून, झाडून, शेणाने अंगण सारवून किंवा फरशी पुसून, पाण्याची टाकी धुऊन. याला दर चांगला मिळतो.

अडचण एकच, आणि ती तुमच्या मनात आलीच असेल: बेघर माणसाच्या हातात घराची चावी कोण देणार? सुरुवातीला कोणीच देत नाही. आम्ही पहिली दोन घरं आमच्याच नातेवाइकांची घेतली. जोडीने काम, काम सुरू करताना आणि संपल्यावर फोनवरून फोटो, चावीची नोंद सहीनिशी. या कामात हिंमत जेवढी परत येते तेवढी दुसऱ्या कशात येत नाही, कारण ज्या गोष्टीवरून जग संशय घेतं तीच हातात दिलेली असते.

भीक मागणं आधी सोडायला लावायचं का?

नाही. बांगलादेशात ग्रामीण बँकेने भिकाऱ्यांसाठी बिनव्याजी छोट्या कर्जाची योजना काढली तेव्हा भीक सोडण्याची अट घातली नव्हती. दारोदार जातोच आहेस तर सोबत बांगड्या, बिस्किटं, खेळणी घेऊन जा, एवढंच सांगितलं आणि बँकेचा बिल्ला गळ्यात दिला. हळूहळू कोणत्या दारात मागायचं आणि कोणत्या दारात विकायचं हे माणसं स्वतः ठरवू लागली.

कायद्याचं भान मात्र ठेवा. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि त्याखाली माणसाला पकडून भिक्षेकरीगृहात पाठवता येतं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्याची अनेक कलमं दिल्लीपुरती रद्द केली. तो निकाल आपल्याकडे लागू नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'स्माइल' योजनेत भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा भाग आहे, त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करता येते.

दारूचं काय करता?

कामाच्या जागी पिऊन यायचं नाही. आलेल्याला त्या दिवसाची हजेरी नाही, पण जेवण आहे आणि दुसऱ्या दिवशी काम आहे. एवढाच नियम, तो सगळ्यांना सारखा, आम्हालाही.

पगार रोखीत एकदम द्यायचा की अर्धा खात्यात, हे ज्याचं त्याने ठरवावं. 'तुझे पैसे आम्ही सांभाळतो' हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी माणसाला लहान मूल करतं. कोणी स्वतःहून सांगितलं तर सांभाळा आणि वहीत त्याच्यासमोर लिहा.

एक इशारा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला 'उद्यापासून बंद' असं करायला लावू नका. अचानक थांबल्यावर हातपाय कापतात, भास होतात, फिट्स येऊन जीवही जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते करायचं. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रं १९८६ पासून हे काम करत आहेत. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

मानसिक आजार असलेला माणूस भेटला तर त्यालाही कामावर घ्यायचं?

आधी उपचार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार असा भटकणारा माणूस आढळला तर त्याला संरक्षण देणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावं लागतं, आणि बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. हे कलम कागदावर छापून खिशात ठेवा, पोलीस ठाण्यात उपयोगी पडतं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलिमानस क्रमांक मराठीतही बोलतो.

कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवतं, डॉ. भरत वाटवानी यांना या कामासाठी २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुडाळ तालुक्यात पणदूरला जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम निराधारांना सांभाळतो. आपण छोटे उद्योगवाले डॉक्टर नाही. औषधं सुरू होऊन माणूस स्थिर झाला, की मात्र काम हा उपचाराचा मोठा आधार ठरतो. तेव्हा दार उघडं ठेवा, आणि औषधाच्या वेळेला सुट्टी द्या.

कागदपत्रं काहीच नसतात. पगार कुठे जमा करणार?

याच प्रश्नावर निम्मं वर्ष जातं असं समजा. आधारसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाचा दाखला चालतो. बँकेत 'छोटं खातं' फक्त फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेल्या सही-अंगठ्यावर उघडता येतं. त्यात ५० हजारांपर्यंत शिल्लक, वर्षाला १ लाखापर्यंत जमा, महिन्याला १० हजारांपर्यंत काढता येतात, आणि ते बारा महिने चालतं. तोवर कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने. शाखेत 'असं काही नसतं' म्हणाले तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवायचा.

मतदार यादीबद्दल लोकांना आश्चर्य वाटतं. बेघर माणसालाही मतदार होता येतं. पत्त्याचा पुरावा नसला तर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा सरकारी कर्मचारी, रात्री येऊन तो माणूस अर्जात लिहिलेल्या जागी खरंच झोपतो का हे बघतो. स्टँडवर रात्री अकराला एक सरकारी माणूस नाव विचारायला येतो आणि हाकलत नाही, हा अनुभव त्यांच्यातल्या बहुतेकांना नवाच असतो.

पगार किती द्यायचा? ते तर दोन वेळच्या जेवणावरही खूश असतात.

खूश असतात म्हणूनच हा प्रश्न धोक्याचा. त्या धंद्यासाठी सरकारने जाहीर केलेल्या किमान वेतनाच्या खाली जायचं नाही. शिकाऊ काळ ठेवायचा तर त्याची तारीख आधी सांगायची. 'ट्रेनिंग' या नावाखाली वर्षभर फुकट राबवून घेणारे या क्षेत्रातही आहेत, आणि ते पुरस्कारही घेतात. जेवण-राहण्याचे पैसे कापायचे असतील तर ते आधी तोंडावर ठरवून, वहीत लिहून.

उचल देऊ नका. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कशी अडकतात हे रायगडात कोणालाही विचारा. हंगामाआधी घेतलेली उचल हंगाम संपला तरी फिटत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीच्या वहीतून ती अजून डोकावते. अडीनडीला पैसे लागले तर मदत म्हणून द्या किंवा बचत गटातून कर्ज काढून द्या. कामाशी त्याची गाठ मारू नका.

'बेघरांनी बनवलेलं' असं लेबलवर छापलं तर माल जास्त खपेल ना?

पहिल्यांदा खपेल. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक आमसूल चांगलं असेल तरच घेईल, आणि चांगलं असेल तर त्या ओळीची गरज नाही. शिवाय ज्या माणसाने ती पिशवी भरली तो तिच्यावर आपली ओळख रोज वाचणार. दयेपोटी घेतलेली सोलं कपाटात पडून राहतात, हेही आम्ही पाहिलंय. फोटोंचंही तसंच. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो मागणाऱ्या देणगीदाराला स्वतःच्या भावाचे तसे फोटो आवडले असते का, एवढं विचारावं.

बायकांसाठी वेगळं काय लागतं?

कुलूप. आत कडी लागणारं संडास-बाथरूम, सामानाला कुलपाची पेटी, आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी कामाची सुटी. बेघर बाई सहसा एकटी दिसत नाही, ती देवळाच्या किंवा एखाद्या दुकानाच्या आडोशाला दिवस काढते. तिच्याशी पहिलं बोलणं बाईनेच करावं. मूल सोबत असेल तर त्याला अंगणवाडीत किंवा शाळेत घालणं हे कामाच्या पहिल्याच आठवड्यात.

नोंदणी कोणत्या स्वरूपात करावी?

गावपातळीवर सुरुवात करायला बचत गट पुरतो. पुढे सार्वजनिक न्यास, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी किंवा सहकारी संस्था. सहकारी संस्थेला किमान दहा सभासद लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत. आपल्या बाबतीत ही अट आपोआपच पूर्ण होते. सहकारीमध्ये कामगारच मालक होतात, म्हणून आमचा कल तिकडे आहे. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही संस्था २००८ पासून सहकारी तत्त्वावर चालते, ती जाऊन बघावी. खाद्यपदार्थ करत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आणि उद्यम नोंदणी लागतेच. सीए आधी गाठा.

धंदा तोट्यात चालला तर?

दोन वह्या ठेवा. एकीत आमसूल, मीठ, पिशव्या, मजुरी, वाहतूक आणि विक्री. दुसरीत दवाखाना, खोलीभाडं, कागदपत्रांच्या फेऱ्या, गावी सोडायला जाण्याचं भाडं. पहिली वही स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी. दुसरीसाठी देणगी मागायला लाजू नका. दोन्ही एकत्र केल्या की धंद्याचा आळस मायेच्या खर्चाआड लपतो, आणि कधी नफ्यासाठी एखाद्याचं औषध लांबतं.

गावकरी विरोध करतात. वाडीत असली माणसं नकोत म्हणतात.

त्यांची भीती अगदीच खोटी नसते. चोरी झाली तर पहिलं बोट कोणाकडे जाईल हे सगळ्यांना ठाऊक असतं. आधी सरपंच, पोलीस पाटील आणि गावकर-मानकरी यांना भेटा. सभेत नको, त्यांच्या घरी जाऊन. प्रत्येक माणसाची नोंद पोलीस ठाण्यात स्वतः द्या. मग गावाच्या उपयोगाची कामं घ्या, पाखाडी (पायऱ्यांची वाट) दुरुस्त करा, देवळाचं आवार साफ करा, पण मजुरी घेऊन. फुकट केलंत तर वेठीची सवय गावालाच लागते. शिमग्यात पालखी दारात आली आणि आमच्या माणसांनी ओटी भरली, तेव्हा विरोधाचा सूर खाली आला. देवाला घालतात त्या गाऱ्हाण्यात नाव येण्यासाठी किती वर्षं लागतील सांगता येत नाही.

काम नको असलेल्यांसाठी काही?

फुटबॉल. खरंच. नागपूरला विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी 'स्लम सॉकर' सुरू केलं. बेघरांचा विश्वचषकही भरतो. पहिला २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाला. संघात मैदानावर चार जण, आणि एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं, म्हणजे पुढच्या वर्षी जागा दुसऱ्याला. आपल्याकडे पुळणीवर क्रिकेट जास्त चालेल. आमच्याकडे भजनी मंडळाने जे केलं ते कुठल्याच शिबिराने केलं नसतं. पखवाज वाजवणाऱ्याला कोणी 'कोणाचो' विचारत नाही.

माणसं टिकतात का? मध्येच निघून गेली तर?

जातात. आंब्याच्या हंगामात राखणीला जातात, बोट सुरू झाली की बंदरात जातात, काही घरी परत जातात, काही पुन्हा स्टँडवर दिसतात. सांगून गेला, पगार मागून गेला, तर आम्ही ते बरं धरतो. न सांगता गेलेल्याची पेटी आणि उरलेला पगार जपून ठेवतो, आणि परत आल्यावर 'कुठे होतास' असं चारचौघांत विचारत नाही.

पावसाळ्यात सगळं बंद असतं. तेव्हा काय?

३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, वाळवणं बंद, बांधकामं बंद, आणि झोपायच्या जागा भिजलेल्या. माणूस कोलमडतो तो याच दिवसांत, म्हणून वर्षाचं नियोजन पावसाळ्यापासून सुरू करा. मे महिन्यातला नफा जूनच्या पगारासाठी बाजूला काढा. घरात बसून होणारी कामं याच काळात ठेवा: आमसुलं निवडून पिशव्या भरणं, जाळी शिवणं, काथ्या वळणं, मसाल्यांचं पॅकिंग. कागदपत्रांच्या फेऱ्याही आताच उरकतात, कारण कचेऱ्यांत गर्दी कमी असते. नागपंचमी झाली की मुंबईहून फोन सुरू होतात, "गणपतीला येतोय, घर उघडून ठेवाल का?" ते फोन घ्यायला कोणाला बसवायचं हे आधी ठरवा. शक्यतो आपल्यातल्याच एखाद्याला बसवा, आणि नाव पूर्ण सांगून बोलायला शिकवा. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी त्याच नावाने फोन करतं.